स्फोटाचे जखमी दारात आले तर: छोट्या रुग्णालयाने कोणत्या क्रमाने काय करावं

विहिरीवरच्या सुरुंगात जखमी झालेले सहा जण एका दुपारी आमच्याकडे आले. पहिले चौघं मोटारसायकलींवर, कपाळं फुटलेली, रक्त डोळ्यांत, आरडाओरडा चालू. दोन्ही टेबलं आणि ड्रेसिंगची खोली त्यांनीच भरली. पाचवा टमटममधून उतरला, बाकावर बसला आणि पाणी मागितलं. त्याच्या बरगडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. अर्ध्या तासाने सिस्टरांनी त्याचा हात धरला तेव्हा मनगटात नाडी लागेना. तो जगला, पण त्यात आमचं श्रेय फारसं नाही.

टाके घालता सगळ्यांना येतात. चुकतो तो क्रम. जालन्याच्या स्टील कारखान्यातली भट्टी, साखर कारखान्याचा बॉयलर, लग्नाच्या मांडवातला सिलिंडर, विहिरीवरचा तोटा (सुरुंगाची कांडी) किंवा कुणी मुद्दाम पेरलेला बॉम्ब, कारण काहीही असो, शरीरावर होणारे घाव त्याच पाच-सहा प्रकारांत बसतात. हा लेख ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी, रात्री एकट्याने ड्यूटी करणाऱ्या डॉक्टरसाठी, आणि जखमींना गाडीत घालून आणणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे. गावकऱ्यांनी पहिला टप्पा, रक्त थांबवण्याचा भाग आणि अगदी शेवटचा टप्पा तरी वाचावा.

## तयारी: एक पेटी, एक यादी, एक मार्कर

ही पेटी कुलपात ठेवू नका. ठेवलीच, तर किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरांकडे राहू द्या. मुख्य लिपिकाकडे दिलेली किल्ली रविवारी मिळत नाही.

पेटीत हवं ते असं: कापडाच्या चार रंगांच्या पट्ट्या, प्रत्येकी २० (ब्लाऊज पीस फाडले तरी चालतं, लाल, पिवळा, हिरवा, काळा), जाड मार्कर, १ पासून पुढे आकडे घातलेली कार्डं सुतळीसकट, टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचे पट्टे) निदान चार, गॉजचे मोठे रोल, रुंद बँडेज, १४ आणि १६ नंबरच्या कॅन्युला (शिरेत घालायच्या सुया), रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, कपडे कापायची मोठी कात्री, कागदी पिशव्या, घोंगड्या.

घोंगड्या वाचून लोक हसतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, त्यात कसली थंडी? पण रक्त गेलेला माणूस ओल्या कपड्यात, पंख्याखाली, फरशीवर पडला की तासाभरात गार पडतो. शरीर गार पडलं की रक्त गोठायचं थांबतं, आणि मग तुम्ही कितीही दाबा, जखम वाहतच राहते.

भिंतीवर एक यादी चिकटवा: १०८, ११२, अग्निशमनचा १०१, जवळची रक्तपेढी, आणि वरच्या रुग्णालयांच्या अपघात विभागांचे थेट नंबर. संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ आणि लातूरचं शासकीय, यांतली तुम्हाला जी दोन जवळची असतील ती दोन्ही लिहा. एकच लिहिलं की सगळे रुग्ण तिकडेच जातात.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नंबरावर तीन महिन्यांतून एकदा फोन करून बघा. निम्मे नंबर बदललेले निघतात, हा अनुभव आहे.

## टप्पा १: जागेवर, आधी स्वतःकडे बघा

धावत जाऊ नका, हे सांगणं सोपं आहे. लेकरू आत अडकलं असेल तर बाप धावणारच. तरी चार गोष्टी बघायला दहा सेकंद पुरतात.

पहिली, दुसरा स्फोट. सिलिंडर एकटा नसतो, मांडवात चार असतात. विहिरीत न उडालेला तोटा असू शकतो. घातपाताचा संशय असेल तर बेवारस पिशवी, डबा, दुचाकी यांच्यापासून लांब राहा, आणि बघ्यांचा घोळका जमू देऊ नका, कारण दुसरा बॉम्ब नेमका घोळक्यासाठी ठेवलेला असू शकतो. चालू शकणाऱ्यांना हाताने खुणावून बाहेर काढा. खुणावूनच. स्फोटाजवळच्या माणसाला ऐकू येत नाही. तुम्ही ओरडून सांगता, तो बघत राहतो, आणि आपल्याला वाटतं हा बेशुद्ध पडायच्या बेतात आहे. ही चूक रुग्णालयाच्या दारातही होते, पुढे परत येईलच.

दुसरी, विहीर. सुरुंगानंतर विहिरीत कार्बन मोनॉक्साईड आणि नायट्रोजनचे विषारी वायू साचून राहतात. जखमीला काढायला उतरलेला दुसरा माणूस खाली बसतो, त्याला काढायला तिसरा उतरतो. दोर लावून, वरून ओढता येईल अशाच माणसाला उतरवा, तेही हवा मोकळी झाल्यावर, किंवा अग्निशमनच्या जवानांची वाट बघा.

तिसरी, माळवद. जुन्या दगड-मातीच्या घरात सिलिंडर फुटला की भिंत आणि वरची माती एकदम खाली येते. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते मराठवाड्यात सांगायला नको. माती उपसताना आधी तोंड आणि छाती मोकळी करा, पाय नंतर. पाय किंवा मांडी तासाभराहून जास्त वेळ दगडाखाली चेंगरली असेल, तर दगड उचलायच्या आधी सलाईन चालू करायचं असतं. चेंगरलेल्या स्नायूतलं पोटॅशियम सुटकेच्या क्षणी रक्तात उतरतं आणि बोलत असलेल्या माणसाचं हृदय थांबतं. म्हणून अडकलेल्याजवळ १०८ चे डॉक्टर येईपर्यंत शक्यतो थांबावं. सलाईन साधं, म्हणजे एनएस (नॉर्मल सलाईन). आरएल (रिंगर लॅक्टेट) देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं.

चौथी, गाडी. श्वास अडलेला आणि रक्त उसळणारा आधी. पण पिकअपमध्ये एकावर एक सहा जण कोंबले तर खालच्याचा श्वास गाडीतच जातो.

सावध: अंगात घुसलेली पत्र्याची चिरफळी, सळई, काच उपटून काढू नका. भोवती कापडाचं वेटोळं करून ती हलणार नाही असं बांधा. लांब सळई असेल तर बाहेरचा भाग कापा, आतला तसाच.

## टप्पा २: दार

रुग्णालयात पहिलं काम दरवाजाचं. उपचार त्यानंतर.

दाराशी एक अनुभवी माणूस उभा करा. तो टाके घालणार नाही, सलाईन लावणार नाही, फोनही घेणार नाही. तो फक्त बघेल, पट्टी बांधेल आणि नंबर देईल. एकच डॉक्टर असेल तर त्यानेच दारात उभं राहावं आणि आतलं काम सिस्टर-ब्रदरांनी सुरू करावं. हे पटायला जड जातं. डॉक्टरला वाटतं, आपण टेबलावर हवं. पण दारातला निर्णय चुकला तर आतल्या सगळ्यांचे हात चुकीच्या माणसावर लागतात.

का, तर जखमी उलट्या क्रमाने येतात. ज्याला चालता येतं तो पहिला येतो, आणि जवळच्याच रुग्णालयात येतो. खरा अत्यवस्थ माणूस ढिगाऱ्यातून निघून, रुग्णवाहिकेची वाट बघून, उशिरा येतो. तोवर खाटा भरलेल्या असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा एक ठोकताळा इथे उपयोगी पडतो: पहिल्या तासात जितके जखमी आले, एकूण साधारण त्याच्या दुप्पट येतील असं धरा. म्हणून पहिल्या गाडीची वेळ मार्करने भिंतीवरच लिहा. तासाने मोजा, दुप्पट करा आणि तो आकडा जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवा.

आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: स्फोट आत झाला की उघड्यावर? कशाचा? अजून किती जण आहेत?

पहिला प्रश्न सगळ्यांत मोलाचा. उघड्यावर दाबाची लाट पसरून विरते. खोलीत, बसमध्ये, रेल्वेच्या डब्यात ती भिंतींवर आपटून परत परत येते, आणि बाहेरून धड दिसणाऱ्या माणसाचं फुफ्फुस फाटतं. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमधले सातही स्फोट डब्यांच्या आत झाले होते. बंद जागेतला स्फोट असेल तर मृत्यूही जास्त आणि छातीचे रुग्णही जास्त, हे धरूनच ऑक्सिजनची जमवाजमव करा.

एक गोष्ट कानावर घालून ठेवतो. पोलीस आले नाहीत म्हणून उपचार थांबवायचे नसतात. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच हे स्पष्ट केलंय: आधी जीव, मग एमएलसीचे (पोलीस प्रकरणाचे) कागद. खासगी दवाखान्यालाही हे लागू आहे.

## टप्पा ३: वर्गवारी, माणशी अर्धं मिनिट

लाल म्हणजे आत्ताच उपचार, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे किरकोळ, काळी म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. क्रम असा:

१. चालता येतं? हिरवी पट्टी. बाहेरच्या शेडमध्ये किंवा ओपीडीत पाठवा, अपघात विभागात घेऊ नका.

२. श्वास चालू आहे? नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करा. आला तर लाल. नाहीच आला तर काळी. लहान मुलाची नाडी लागत असेल, तर काळी बांधण्याआधी पाच श्वास तोंडाने किंवा अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) देऊन बघा.

३. श्वास मिनिटाला ३० च्या वर? लाल.

४. मनगटात नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर लाली यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात? लाल.

५. साधी सूचना पाळतो? "माझा हात दाब" असं हाताने दाखवून सांगा. बहिऱ्या झालेल्या माणसाला तोंडी सूचना दिली आणि त्याने पाळली नाही म्हणून लाल बांधली, हा गोंधळ स्फोटातच होतो. दाखवूनही पाळत नसेल तर लाल.

६. उरलेले पिवळे.

या वेळात करायचे उपाय दोनच, श्वासमार्ग उघडणं आणि धो-धो वाहणारं रक्त थांबवणं. दारातच बीपी घेत बसू नका.

काळी पट्टी बांधताना हात थरथरतो. गावात तो माणूस ओळखीचाही असू शकतो. एका निर्जीव माणसावर तिघं जण वीस मिनिटं छाती दाबत बसले, तर तेवढ्यात बाजूच्या दोघांचं रक्त जातं. जखमी एकच असेल तेव्हा हिशोब वेगळा. वीस असतील तेव्हा हा.

उलट बाजूची चूक जास्त होते: सगळ्यांनाच लाल. नातेवाईक ओरडतात, फोन येतात, म्हणून खरचटलेल्यालाही लाल पट्टी. मोठ्या स्फोटांच्या अभ्यासांत एक गोष्ट परत परत दिसली आहे: किरकोळ जखमींना गंभीर ठरवण्याचं प्रमाण जितकं वाढतं, तितके खरे गंभीर जखमी जास्त मरतात. कारण साधं आहे. हात तेवढेच असतात.

तपासा: हिरव्या पट्टीवाल्यांना दर २० मिनिटांनी परत बघा. आमचा बाकावरचा माणूस हिरवाच होता. शेडमध्ये एका मावशीला बसवा आणि तिला एवढंच सांगा: जो गप्प होतो, घामेजतो, आडवा होतो किंवा सारखं पाणी मागतो, त्याचा नंबर येऊन सांगायचा.

## टप्पा ४: रक्त

हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट. जखमेच्या वर चार बोटं, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा. रुग्ण ओरडेल, आवळणं बरोबर असेल तर दुखणारच. अर्धवट आवळलं तर शिरा बंद होतात, धमनी वाहत राहते आणि रक्तस्राव वाढतो. लावल्याची वेळ कपाळावर मार्करने लिहा. पट्टीवर लिहिलेली वेळ पांघरुणाखाली जाते.

गावात टूर्निकेट नसेल तर उपरण्याची किंवा ओढणीची रुंद घडी, त्यात काठी, आणि काठीला पीळ. सुतळी, वायर, बैलाचा कासरा वापरू नका. बारीक दोर कातडीत रुततो आणि धमनी दाबलीच जात नाही. अधूनमधून सैल करायची जुनी सवयही सोडा. दर वेळी सैल केलं की थोडं थोडं रक्त जातं. सैल करायचं ते डॉक्टरने, तेही रक्त थांबवायची दुसरी सोय हाताशी असताना.

जांघ, काख, मान इथे टूर्निकेट बसत नाही. गॉज बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासा आणि दोन्ही हातांनी किमान दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघू नका. हे बघणंच सगळ्यांना आवरत नाही, म्हणून दाबणाऱ्यासमोर घड्याळ ठेवा.

डॉक्टरांसाठी: ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, १० मिनिटांत शिरेतून, मग १ ग्रॅम आठ तासांत. जखम होऊन तीन तासांच्या आत. तीन तास उलटून गेले असतील तर सुरू करू नका, उलटं नुकसान होतं. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवू नका. मनगटात नाडी लागेल आणि माणूस बोलेल एवढं पुरे, म्हणजे वरचं बीपी ८०-९० च्या आसपास. जास्त चढवलं की रक्त पातळ होतं आणि धरलेली गुठळी सुटते. डोक्याला मार असेल तर मात्र हा नियम मोडा, तिथे बीपी ११० च्या खाली राहू देऊ नका. गट माहीत नसताना रक्त द्यायची वेळ आली तर मुलींना आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना ओ निगेटिव्ह. पुरुषांना ओ पॉझिटिव्ह चालतं.

## टप्पा ५: छाती, जिथे माणूस धड दिसतो

दाबाची लाट हवेने भरलेल्या अवयवांना फाडते: कान, फुफ्फुस, आतडं. बाहेर एक ओरखडाही नसतो.

धाप, खोकला, खोकल्यातून रक्त, छातीत दुखणं, निळसर ओठ. यातलं काहीही दिसलं की मास्कने भरपूर ऑक्सिजन आणि छातीचा एक्स-रे. फुलपाखराच्या पंखांसारखी दोन्हीकडे पसरलेली पांढरट सावली हे स्फोटाच्या फुफ्फुसाचं ओळखीचं चित्र. नाडी मंद, बीपी कमी आणि श्वास थांबून थांबून, हे तिन्ही एकत्र दिसलं तर रक्त गेल्याचं लक्षण समजून सलाईन ओतू नका. असलं फुफ्फुस पाणी सहन करत नाही.

कानाच्या पडद्यावर फार विसंबू नका. पडदा फुटला म्हणजे फुफ्फुस गेलंच असं नाही, आणि पडदा शाबूत आहे म्हणून फुफ्फुस सुरक्षित असंही नाही.

अँबूने किंवा व्हेंटिलेटरने जोरात हवा ढकलली तर फाटक्या फुफ्फुसातून हवा छातीत सुटते किंवा थेट रक्तात शिरते. श्वासनलिकेत नळी टाकायचीच वेळ आली तर कमी दाब, छोटे श्वास. एका बाजूचा श्वासाचा आवाज गेला, बीपी पडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या तर एक्स-रेची वाट न बघता त्या बाजूला १४ नंबरची सुई, चौथ्या-पाचव्या बरगडी-अंतरात, काखेच्या मधल्या रेषेच्या जरा पुढे. मग छातीत नळी. नळी टाकल्याशिवाय रुग्णवाहिकेत घालू नका.

सावध: धूर कोंडलेल्या खोलीतला किंवा विहिरीतला रुग्ण असेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास नको. कार्बन मोनॉक्साईड रक्तात असताना ते यंत्र ९८ दाखवतं आणि माणूस गुदमरत असतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, बरळतोय एवढ्यावर ऑक्सिजन लावा. विहिरीतल्या वायूंनी फुफ्फुसात पाणी साचायला काही तासही लागतात, म्हणून असा रुग्ण बरा दिसला तरी रात्रभर ठेवा.

## टप्पा ६: जखमा, भाजणं, डोळे, पोट

भोकं. छोट्या भोकाखाली लांबवर गेलेला तुकडा असतो. ज्याच्या अंगावर भोक आहे त्याचा त्या भागाचा एक्स-रे काढा. धड असेल तर पोट-छाती दोन्ही. धुवा, मेलेलं मांस काढा, आणि टाके घालू नका. गॉज भरून उघडी ठेवा. तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ असेल तर मग शिवा. आमच्याकडची सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. सुबक शिवलेली जखम चौथ्या दिवशी पू घेऊन येते, कारण आत माती, कापूस, शेण आणि कापडाचे धागे राहिलेले असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना. आधीचे डोस झालेत की नाही याचा पत्ता नसेल आणि जखम मातीने भरलेली असेल तर टीआयजीही (धनुर्वाताविरुद्धची तयार प्रतिपिंडं). दुसऱ्या जखमीच्या हाडाचे तुकडे अंगात घुसलेले असतील तर कावीळ-बीची लसही द्या; हे कुणाच्या लक्षात येत नाही.

भाजणं. वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ नको, हळद, टूथपेस्ट, शाई, चिखल नको. एक आपल्याकडची अडचण: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं. ते अंगावर सोडलं तर भाजलेलं आणखी भाजतं. आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा. नसेल गार तर रांजणातलं, बोअरचं ताजं किंवा टँकरच्या तळाचं पाणी वापरा. लहान लेकराचं अर्धं अंग भाजलं असेल तर मात्र वीस मिनिटं ओतत बसू नका, ते गार पडून दगावतं. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, करदोटा लगेच काढा. दोन तासांनी सूज आली की कापावे लागतात. नाकातले केस जळालेत, थुंकीत काजळी आहे, आवाज घोगरा झालाय, असा रुग्ण सगळ्यांच्या आधी पुढे पाठवा, गळा सुजून बंद व्हायच्या आत.

डोळे. घुसलेली काच काढू नका, दाबून पट्टी बांधू नका. चहाचा कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून चिकटपट्टी लावा. नजर किती आहे ते लिहून ठेवा, बोटं मोजतो की नुसता उजेड कळतो एवढं तरी.

कान. थेंब घालू नका, धुवू नका, कोरडे ठेवा. फुटलेले बहुतेक पडदे आपोआप भरतात.

पोट. पहिल्या दिवशी मऊ असलेलं पोट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुटलेलं निघू शकतं. दाबाने आतड्याच्या भिंतीत रक्त साकळतं आणि ती जागा नंतर गळते. म्हणून एकदा हात लावून "पोट ठीक" असं लिहून मोकळं होऊ नका. तोच हात, तेच पोट, दर चार तासांनी.

गरोदर बाई. तिला काही लागलेलं दिसत नसलं तरी बाळाचे ठोके ऐका आणि प्रसूती विभागात देखरेखीखाली ठेवा. गर्भाशयातून वार वेळेआधी सुटण्याचा धोका असतो.

## टप्पा ७: पुढे पाठवणं

आपल्याकडे सगळ्यांत जास्त जीव इथे जातात. बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. रुग्ण गाडीत घातला की आपलं काम संपलं असं वाटतं, आणि त्याचे पुढचे दोन-अडीच तास कुणाच्याच हातात नसतात.

ऑक्सिजनचं गणित घालूनच गाडी सोडा. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर दिला तर १५० मिनिटं, १५ लिटर दिला तर १०० मिनिटं. गेवराईच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलात की संपला. प्रवासाला लागेल त्याच्या दीडपट सोबत द्या आणि सिलिंडरचा काटा निघताना स्वतः बघा, "भरलाय साहेब" यावर जाऊ नका.

सगळे एकाच ठिकाणी पाठवू नका. पाठवण्याआधी फोन करा आणि पलीकडे कोण बोललं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीवर आणखी पाच गोष्टी: नंबर, स्फोट आत की बाहेर, टूर्निकेटची वेळ, दिलेली औषधं वेळेसकट, आणि निघतानाची नाडी-बीपी. पानभर इतिहास लिहायची गरज नाही.

## टप्पा ८: कपडे, कागद, नातेवाईक

कापलेले कपडे, अंगातून निघालेले तुकडे घंटागाडीत टाकू नका. प्रत्येकाचे वेगळ्या कागदी पिशवीत, वर नंबर आणि वेळ, आणि पोलिसांना देताना सही. प्लास्टिकमध्ये ओले कपडे कुजतात आणि पुरावा जातो. भोकातून कात्री घालून सदरा कापू नका, भोक सोडून बाजूने कापा.

नाव कळेपर्यंत "अनोळखी पुरुष ७" हेच नाव. घाईत सांगितलेल्या नावावर रक्त चढवलं आणि ते नाव शेजारच्याचं निघालं, असं होऊ शकतं.

नातेवाईकांसाठी दारापासून लांब एक जागा, तिथे एकच माणूस, हातात यादी. दर अर्ध्या तासाने नवीन काही नसलं तरी येऊन बोला. न बोललात की गर्दी दाराकडे सरकते. रक्त द्यायला आलेल्या पोरांचे नाव-नंबर घेऊन त्यांना रक्तपेढीकडे वळवा. पुढाऱ्यांच्या गाड्यांचे ताफे येतील ते मागच्या फाटकाने येऊ द्या. हे फाटकावरच्या मामांना आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी त्यांचं कुणी ऐकत नाही.

नजर आणि ऐकू येणं पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिलेलं असू द्या. पुढे नुकसानभरपाई किंवा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लोक तोच कागद शोधत फिरतात.

## टप्पा ९: घरी सोडताना

बंद जागेतल्या स्फोटातला माणूस, काही तक्रार नाही, एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन ठीक, तरीही किमान सहा तास बसवून ठेवा. गाव लांब असेल, रात्रीची एसटी नसेल तर सकाळपर्यंत ठेवा.

सोडताना तोंडी सांगू नका, त्याला ऐकू येत नसतं. सोबतच्या माणसाला सांगा आणि मराठीत ठळक लिहून द्या: धाप लागली, पोट दुखायला लागलं, उलटी झाली, संडास काळी किंवा रक्ताची झाली, लघवी चहासारखी झाली, जखमेतून वास आला, तर पुढचे १४ दिवस कधीही, रात्रीसुद्धा, परत या. आंघोळीला कानात व्हॅसलिन लावलेला कापूस घाला, विहिरीत-तळ्यात पोहू नका, आणि तीन दिवसांनी जखम दाखवायला या, बरी वाटली तरी.

चिठ्ठीच्या मागे रुग्णालयाचा फोन लिहा. तो फोन रात्री उचलला जातो का, हे त्याच संध्याकाळी स्वतःच्या मोबाईलवरून लावून बघा. आणि पेटीतून काय काय संपलं ते तेव्हाच लिहून काढा. आम्ही सकाळी लिहू म्हणालो होतो, आणि चौथ्या महिन्यात पेटी उघडली तेव्हा त्यात एकही टूर्निकेट नव्हतं.